कैद्याने काय मागितलं?

17 फेब्रुवारी 1957. केनियातल्या कामिती तुरुंगात एक माणूस पत्र लिहितोय. दुसऱ्या दिवशी त्याला फाशी आहे. पत्र न्येरीच्या कॅथलिक मिशनमधल्या फादर मारिनो यांच्या नावे आहे. लिहिणारा आहे देदान किमाथी, ब्रिटिश राजवटीविरुद्ध जंगलात राहून लढलेल्या माऊ माऊ बंडाचा सेनानी.

पत्राचा पहिला भाग वाचताना आपण बुचकळ्यात पडतो. उद्या स्वर्गात जायच्या तयारीत मी गुंतलोय आणि आनंदात आहे, असं हा माणूस सांगतो. तुरुंगात भेटायला येणाऱ्या दुसऱ्या एका फादरचं तो तोंडभरून कौतुक करतो. त्यांनी आणून दिलेल्या पुस्तकांची यादी देतो: नवा करार, गिकुयू भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक, लूर्द आणि फातिमा इथल्या मरियेवरची पुस्तकं. आपल्या मनातला बंडखोर कुठे गेला, असा प्रश्न पडतो.

मग मध्येच एक तक्रार येते. नाताळच्या दिवशी तो एकच फादर भेटायला आला. एरवी येणारे बाकीचे त्या दिवशी फिरकले नाहीत, त्यांना आपली आठवण झाली नाही, हे त्याला लागलंय. तक्रारीनंतर मागण्या येतात. मुलाला शाळेत घाला. आई फार म्हातारी आहे, तिला भेटत जा. बायको इथेच कामितीत बंद आहे, तिला एकटं वाटतं. ती सुटली की मिशनजवळ राहायला मिळालं आणि सिस्टरांचा आधार झाला तर बरं. आणि शेवटाकडे परत एकदा, मुलाच्या शिक्षणाचं बघा.

आफ्रिकेतल्या तुरुंगांत जाऊन धर्माचं काम करणाऱ्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. त्यांनी स्वतः लिहिलंय, आणि त्यांच्यावर दात धरून असलेल्यांनीही लिहिलंय. हे सगळं वाचताना मी किमाथीचं पत्र पट्टीसारखं वापरतो. मला एवढंच बघायचं असतं की कैद्याने काय मागितलं, आणि लिहिणाऱ्याने ते नोंदवलं का?

पाहुण्याची गोष्ट

तुरुंगभेटीची आज्ञा ख्रिस्ती धर्मात फार जुनी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा यांच्याबरोबर कैद्याची भेटही मोजतो. ज्याने बंदिवानाला भेट दिली त्याने मलाच भेट दिली, असा त्याचा अर्थ. ही ओळ मनावर घेऊन माणसं दोन-दोन खंड ओलांडून युगांडा, मलावी, केनियातल्या आडगावच्या तुरुंगांपर्यंत जातात. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं मला काही कारण दिसत नाही. शंका आहे ती परत आल्यावर ते जे लिहितात त्यावर.

हा लेखनप्रकार तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल. त्याचा साचा ठरलेला आहे. लांबचा विमानप्रवास, मग लाल मातीचा रस्ता, पंक्चर झालेली गाडी. तुरुंगाचं फाटक, अंगावर येणारी गर्दी. मग गाणं सुरू होतं, आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही ते लोक इतके आनंदी कसे, याचं आश्चर्य. प्रवचन. किती जणांनी हात वर करून येशूचा स्वीकार केला, त्याचा आकडा. साबण आणि बायबलं वाटली त्याचा फोटो. शेवटी, आम्ही द्यायला गेलो होतो पण घेऊनच परत आलो, हे वाक्य.

या गोष्टीचा नायक पाहुणा असतो. बदल त्याच्यात होतो, प्रवास त्याचा होतो. कैदी म्हणजे त्याच्या प्रवासातला मुक्काम. कैद्याला आत्मा असतो, आवाज असतो, गाणं असतं, पण त्याची केस कुठे अडली आहे हे सहसा कळत नाही. तुरुंगाभोवतीची हिरवीगार शेतं वर्णनात येतात, ती कोण कसतं हे येत नाही. युगांडातल्या तुरुंगांवर ह्यूमन राइट्स वॉचने 2011 साली एक अहवाल काढला. ग्रामीण तुरुंगांतल्या कैद्यांना तुरुंगाच्या, अधिकाऱ्यांच्या आणि खासगी जमीनदारांच्या शेतांवर कसं राबवलं जातं, आजारी माणसालाही कशी सूट नसते, हे त्यात आहे. अनेकांचा खटला तर अजून उभाही राहिलेला नसतो. प्रार्थनेला जमलेल्या गर्दीत हीच माणसं असतात. वर केलेल्या हातावरचे फोड मात्र दौऱ्याच्या वृत्तान्तात दिसत नाहीत.

कबुलीची किंमत

दुसऱ्या बाजूचा राग समजून घ्यायचा तर 1950च्या दशकातल्या केनियात जावं लागतं. माऊ माऊचं बंड मोडण्यासाठी ब्रिटिशांनी छावण्यांचं जाळं उभं केलं. सरकारी आकड्यानुसार त्यांत सुमारे 80,000 माणसं डांबली गेली. कॅरोलाइन एल्किन्स या इतिहासकार बाईने 2005 साली आलेल्या आणि पुढे पुलित्झर मिळालेल्या पुस्तकात आकडा याच्या कितीतरी पट मोठा असल्याचं मांडलं, आणि त्यावर अजून वाद चालू आहे.

या छावण्यांत सुटकेचा रस्ता कबुलीतून जात होता. बंडाची शपथ घेतली हे कबूल करायचं, ती टाकून द्यायची, मग कैदी एक पायरी खाली, घराच्या दिशेने सरकायचा. अथी रिव्हरच्या छावणीत या कामासाठी मॉरल री-आर्मामेंट या ख्रिस्ती वळणाच्या चळवळीची माणसं आणली गेली. मिशनांचे लोक इतर छावण्यांतही जात. पाद्र्यासमोरची पापकबुली आणि पोलिसासमोरचा कबुलीजबाब यांतलं अंतर पुसलं गेलं. क्षमा कुणाकडे मागायची, देवाकडे की जिल्हाधिकाऱ्याकडे, हे कैद्याला तरी कसं कळावं?

सगळे मिशनरी गप्प होते असंही नाही. चर्च मिशनरी सोसायटीने 1955 साली केनियातल्या अत्याचारांवर आवाज उठवणारी पुस्तिका काढली. पण छावणीतल्या माणसाच्या अनुभवात बायबल आणि किल्ल्यांचा जुडगा एकाच हातात होता. त्याच्या आठवणीतही ते तसेच राहिले.

रंगमंचावरचा पाद्री

न्गुगी वा थिओंगो आणि मिशेरे गिथाए मुगो यांचं ‘द ट्रायल ऑफ देदान किमाथी’ हे नाटक याच आठवणीतून आलं. ऑक्टोबर 1976 मध्ये नैरोबीच्या केनिया नॅशनल थिएटरमध्ये ते झालं. न्येरीच्या कोर्टातल्या खटल्याची नक्कल आम्हाला करायची नाही, आम्ही कल्पनेने तो काळ नव्याने उभा करतोय, असं लेखकांनी प्रस्तावनेत स्पष्ट केलंय.

नाटकात खरा खटला कोठडीत चालतो. किमाथीला फोडायला एकामागून एक पाहुणे येतात. गोरा अधिकारी येतो, पैसेवाले येतात. मग तीन काळे केनियन येतात: एक धंदेवाला, एक पुढारी आणि एक पाद्री. तिघेही त्याच्याच लोकांतले आहेत, म्हणून त्यांचा मोह जास्त धोक्याचा. पाद्री त्याला शरीराची लढाई सोडून आत्म्याकडे बघायला सांगतो. किमाथी त्याला परतवून लावतो, आणि तेही बायबलमधली न्यायाची भाषा त्याच्यावरच उलटवून. वाळवंटात सैतानाने येशूला दाखवलेल्या मोहांची आठवण होईल अशी ही रचना आहे. पाद्र्याच्या धर्मातला येशू इथे कैदी झालाय आणि पाद्री मोहात पाडणारा. नाटक म्हणून हे जबरदस्त आहे. वसाहतीच्या सरकारने ज्याला गुन्हेगार म्हणून पुरलं, त्याला नाटकाने मान वर करून उभं केलं. ही कामगिरी छोटी नाही.

आता किमाथीचं खरं पत्र या प्रसंगाशेजारी ठेवा. रंगमंचावरच्या किमाथीला पाद्र्याकडून काहीही नको आहे. कामितीतल्या किमाथीला त्याच्याकडून मुलाची शाळा हवी आहे.

यावर लगेच सुचणारं उत्तर म्हणजे पत्र खोटं मानायचं. मरणाच्या दारातल्या, एकट्या पाडलेल्या माणसाकडून ते लिहून घेतलं असेल. तुरुंगातून बाहेर जाणारं पत्र पहारेकऱ्याच्या नजरेखालून जातंच. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पत्राचा पहिला भाग पाद्र्यांना ऐकायला आवडेल अशाच भाषेत आहे. पण नाताळची ती तक्रार कुणी सांगून लिहून घेईल का? ज्यांच्याकडे मदत मागायची त्यांनाच, तुम्ही मला विसरलात, असं ऐकवणारा माणूस पुरता मोडलेला नाही. तो हिशोब ठेवतोय. सणाच्या दिवशी कोण आलं आणि कोण नाही, हे त्याच्या लक्षात आहे. मागण्या तर स्वच्छ व्यवहारी आहेत. शाळा मिशनच्या हातात आहे, मग मिशनला सांगायचं. किमाथी स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेला होता. त्या दाराची किंमत त्याला माहीत होती.

माझ्या मते यात शरणागती शोधण्यापेक्षा बाप शोधावा. दुसऱ्या दिवशी मरायचंय आणि हातात एक कागद आहे, तर माणूस तो कुणाला लिहील? ज्याचं ऐकलं जाईल त्याला. पाद्र्याचं ऐकलं जात होतं.

नाटकाला हा बाप परवडला नाही. नायकाने काही मागितलं की तो लहान होतो, अशी भीती त्यामागे आहे. इथे मला हे नाटक आणि दौऱ्याचा वृत्तान्त चक्क शेजारी दिसतात. एकाला कैद्यातून आत्मा काढून दाखवायचाय, दुसऱ्याला पुतळा. आत्म्याला शाळेची फी लागत नाही, आणि पुतळ्यालाही नाही.

सोळा नंबरची कोठडी

पण न्गुगीची गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच तो वाचण्यासारखा लेखक आहे. नाटकाच्या पुढच्याच वर्षी, 1977च्या अखेरच्या मध्यरात्री, पोलीस त्याच्या घरी आले. आता राज्य स्वतंत्र केनियाचं होतं. न्गुगी वा मिरी याच्यासोबत गिकुयूत लिहिलेलं, कामिरिथू गावच्या शेतकरी-मजुरांनी केलेलं नाटक सरकारला झोंबलं होतं. खटला नाही, आरोपपत्र नाही. त्याला नेलं ते कामितीतच, जिथे किमाथीला फाशी झाली होती. कोठडी नंबर 16. नावाच्या जागी एक क्रमांक मिळाला. टॉयलेट पेपरवर त्याने गिकुयूतली कादंबरी लिहिली ती याच कोठडीत.

आणि इथे त्याला पाद्री भेटला. 1981 साली आलेल्या ‘डिटेन्ड’ या तुरुंगाच्या डायरीत तो प्रसंग आहे. तुरुंगाचा धर्मोपदेशक बायबलं आणि धार्मिक पत्रकं घेऊन कोठडीत येतो, आणि तुला इथे आणण्यात कदाचित देवाचीच काही योजना असेल अशा सुरात बोलू लागतो. दीड वर्षापूर्वी ज्याने हा प्रवेश रंगमंचावर आणला होता, त्याच्याच कोठडीत आता तो घडत होता. न्गुगी त्याच्याशी भांडतो, माऊ माऊच्या काळातले कबुली मागणारे पाद्री त्याला आठवतात. या भागात तो नाटककारच आहे. संवाद धारदार, पाद्री साच्यातला.

‘डिटेन्ड’ मोठं होतं ते इतर पानांवर, जिथे न्गुगी काय मागत होता हे लिहितो. दात दुखत होता, दवाखान्यात जायचं तर बेड्या घालाव्या लागतील असं सांगितलं गेलं. त्याने बेड्या नाकारल्या आणि दाताचं दुखणं सोसलं. बायकोला भेटायचं तरी बेड्या. तीही भेट त्याने नाकारली. तो आत असताना मुलगी जन्मली, तिचा फोटो पोस्टाने आला. इथे नायक मागतो, चिडतो, वाट बघतो, आणि तरी लहान होत नाही. नाटकाने जो माणूस रंगमंचावर येऊ दिला नव्हता, तो डायरीत आला. त्यासाठी लेखकाला जवळजवळ एक वर्ष आत बसावं लागलं.

एक गोष्ट न्गुगी वेगळी काढून सांगत नाही, पण वाचताना ती जाणवत राहते. पाद्री बेड्यांच्या अटीशिवाय कोठडीत येऊ शकत होता, बायको नाही. धर्मोपदेशकाला तुरुंगाचं दार उघडतं, हा त्याचा अधिकार आहे. त्या अधिकाराचं तो काय करतो, हा खरा प्रश्न. तो चिठ्ठी बाहेर नेतो का? घरी निरोप देतो का?

झगा आणि नळी

गंमत म्हणजे हा प्रश्न बायबलमध्येच आहे. नव्या करारातली काही पत्रं तुरुंगातून लिहिलेली आहेत. त्या काळी मिशनरीच कैदी होता. पौलाच्या नावावर असलेलं तीमथ्याचं दुसरं पत्र घ्या. शेवटच्या अध्यायात, धर्मोपदेश करता करता, पौल सांगतो की त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. हिवाळ्याआधी ये. त्यात कोण सोडून गेलं याची तक्रारही आहे. किमाथीच्या पत्राची घडण ओळखीची वाटते ना? श्रद्धा, तक्रार, मागणी. दोन हजार वर्षं ज्या ग्रंथाला पवित्र मानलं गेलं, त्यात कैद्याचा झगा सांभाळून ठेवलेला आहे. ज्यांनी तो ठेवला त्यांना ती ओळ क्षुद्र वाटली नाही.

मराठी वाचकाला हे समजायला आफ्रिकेपर्यंत जायचीही गरज नाही. पार्किन्सन झालेले, ऐंशी पार केलेले जेझुइट फादर स्टॅन स्वामी 2020 साली तळोजाच्या तुरुंगात होते. हात थरथरत म्हणून त्यांनी पाणी प्यायला नळी आणि सिपर मागितला, आणि त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, कोठडीतच असताना, मुंबईतल्या हॉस्पिटलमध्ये ते गेले. त्यांच्याविषयी एरवी काहीच न वाचलेल्या माणसालाही ती नळी आठवते. कैद्याची मागणी ही अशी गोष्ट असते. ती एकदा ऐकली की तो माणूस आत्मा, पुतळा किंवा आरोपी एवढाच उरत नाही.

अर्ज नावाचं साहित्य

पुन्हा आफ्रिकेत येऊ, मलावीत. तिथल्या झोम्बाच्या तुरुंगात इयन ब्रेनन हा अमेरिकन ध्वनिमुद्रक बायबलऐवजी मायक्रोफोन घेऊन गेला. कैदी स्त्री-पुरुषांनी रचलेल्या, गायलेल्या गाण्यांचा अल्बम 2015 साली आला आणि पुढे त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. अल्बमचं नावच ‘आय हॅव नो एव्हरीथिंग हिअर’. व्याकरण मोडलेलं, अर्थ पोहोचलेला. पाहुण्याने इथे स्वतःला मागे ठेवलं आणि कैद्याला पुढे बोलू दिलं, हे दौऱ्याच्या वृत्तान्तापेक्षा नक्कीच पुढचं पाऊल. पण पाश्चात्त्य श्रोत्याच्या कानात शेवटी उरतं ते दुःखाचं सौंदर्यच.

त्याच देशातला एक मजकूर मला याहून मोठा वाटतो, आणि तो कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. मसांगानो नावाच्या कैद्याने स्वतःसाठी आणि मलावीतल्या सगळ्या कैद्यांसाठी सरकारविरुद्ध अर्ज केला. त्यात अपुरं अन्न होतं, कपडे होते, कोंदट कोठड्या होत्या, माणसावर माणूस अशी गर्दी होती. 2009 साली कोर्टाने ही परिस्थिती घटनाबाह्य ठरवली आणि गर्दी निम्म्याने कमी करण्यासाठी सरकारला 18 महिन्यांची मुदत दिली. निकालाने तुरुंग बदलून गेले नाहीत. पण मागणी नोंदली गेली, आणि तिला उत्तर देणं सरकारला भाग पडलं.

2000 सालापासून मलावीच्या तुरुंगांत आणखी एक प्रकारचे पाहुणे जाऊ लागले: पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेले पण कायद्याचं शिक्षण घेतलेले कार्यकर्ते. तेही कैद्यांना गोळा करतात, तेही छोटी नाटुकली करतात. पण नाटुकल्यात कोर्ट असतं. जामीन कसा मागायचा, न्यायाधीशासमोर काय बोलायचं, हे कैदीच पात्रं होऊन शिकतात. तुरुंगातली रंगभूमी म्हणून न्गुगीच्या शेजारी ठेवून कुणीतरी यावर लिहायला हवं.

तुरुंगात जाणाऱ्या धर्माच्या माणसाने बायबल घरी ठेवून जावं, असं मी म्हणत नाहीये. किमाथीने त्या पुस्तकांची यादी प्रेमाने दिली आहे, आणि फाशीच्या आदल्या दिवशी माणसाला कशाने धीर येतो हे बाहेरून ठरवणारे आपण कोण? पण नाताळला आला त्या फादरचंच नाव पत्रात उरलं, बाकीचे गैरहजर म्हणून नोंदले गेले. पुढच्या वेळी असा एखादा दौरा, आठवण, नाटक किंवा अल्बम समोर आला, तर रडू आलं का हे थोडं बाजूला ठेवा. त्यातल्या एका तरी कैद्याला काय हवं होतं ते तुम्हाला सांगता येतंय का, ते बघा. सांगता येत नसेल, तर लिहिणारा तिथपर्यंत जाऊन कुणालाच न भेटता परत आलाय.